तळाची मूठ

तुमच्या घरातली जी मुलगी रोज विहिरीतून पाणी ओढते, ती उद्या पाय घसरून आत पडली, तर तिला दोन हात मारता येतील का?

हा प्रश्न मी नालवाडीपासून सेवाग्रामपर्यंत पुष्कळ घरांत विचारला आहे. पुरुष म्हणतात, आमच्या विहिरीला कठडा आहे. बायका पुरुषाकडे बघतात. कठड्याचं उत्तर देणाऱ्या बहुतेक घरांतले मुलगे मात्र पट्टीचे पोहणारे असतात. मुलांच्या बाबतीत कठड्यावर भरवसा का नाही, असं विचारलं की आतून चहा येतो आणि विषय बदलतो.

मला प्रश्न विचारायची सवय घरातून लागली. बाबा वर्ध्याच्या एका लहान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शहरात जी चळवळ उठेल तिची पत्रकं त्या छापखान्यात यायची: दारूबंदीची, जमीनवाटपाची, कापसाच्या भावाची, विद्यार्थ्यांच्या मागण्यांची. चुकीची छापली गेलेली पानं बाबा घरी आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'जागे व्हा' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. आणीबाणीत पानं यायची थांबली, तेव्हा मी जुनीच पुन्हा वाचली. पत्रकात एक गोष्ट चांगली असते. शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगितलेलं असतं. गोष्टीच्या पुस्तकात तसं नसायचं, म्हणून लहानपणी मला गोष्टीची पुस्तकं अर्धवट वाटायची.

नालवाडीची शेती बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, बघायचे. पालक, मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे भाजी तोडायची, विहिरीच्या टाक्यावर धुवायची आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायची. विहीर रुंद, काळ्या दगडात बांधलेली, आत उतरायला एका बाजूनं पायऱ्या. मोटेचे दिवस जाऊन तिच्यावर विजेचा पंप बसला होता आणि त्याचा लोखंडी पाइप भिंतीला धरून थेट पाण्यात गेलेला होता. तो पाइप लक्षात ठेवा.

या विहिरीची एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोहल्ल्यातले पोट्टे सूर मारायला जमायचे. नुसतं पोहून कोणी पोहणारा ठरत नसे. श्वास कोंडून तळाला जायचं, तिथला गाळ मुठीत धरायचा आणि वर येऊन मोठेबाबांच्या तळहातावर ठेवायचा. त्याला 'मूठ देणं' म्हणायचे. मोठेबाबा तो गाळ दोन बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि निकाल द्यायचे. तळाचा गाळ काळा, गुळगुळीत आणि कुजक्या पानांच्या वासाचा. वरच्या कपारीत पिवळट माती साचलेली असे. लबाड पोट्टे ती उचलून तळाची म्हणून खपवायला बघत. पकडला गेला की मोठेबाबा तीच माती त्याच्या डोक्यावर थापत आणि त्याला वांग्याच्या वाफ्यात निंदायला बसवत. त्या मोसमात त्याची दुसरी मूठ घेत नसत.

मीही मूठ दिलेली आहे. मोठेबाबांनीच मला पाठीवर सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. मी पहिली मूठ दिली तेव्हा त्यांनी गाळ चोळला, हुंगला आणि म्हटलं, "खरी हाय." त्यानंतर एका पोट्ट्यानं विचारलं, "पोट्टीची मूठ चालते काय?" मोठेबाबांनी त्याला विचारलं, "काऊन? गाळ येगळा हाय का?"

असा तो माणूस. आणि त्याच माणसानं पुढं मुलींना विहीर बंद केली.

शेजारच्या मळ्यातली नवी सून आमच्या टाक्यावर मेथी धुवायला येत असे. एका सकाळी टाक्यात पाणी कमी होतं, म्हणून ती पायऱ्या उतरून खाली गेली आणि शेवाळावरून घसरली. आरडाओरडा झाला तेव्हा मोठेबाबा पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, होते. ते धावत आले, अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि तिला वर आणलं. उशीर झाला होता. त्यांनी तिला काठावर ठेवलं आणि आपलं उपरणं पिळून तिच्या तोंडावर टाकलं. मी पालकाच्या जुड्या हातात धरून तिथंच उभी होते.

त्या दिवसापासून मोठेबाबा म्हणू लागले, "इहीर बाईमानसाले वढते." मुलींनी पाणी काढावं, भाजी धुवावी, पण पाण्यात पाय घालू नये. मी तेव्हा शाळेत होते, पण वाद घालायचं वय झालं होतं. मी म्हटलं, "मोठेबाबा, ती पडली तिथून पाइप एका हातावर होता. तिले दोन हात मारता आले असते तं तिनं पाइप धरला असता. इहिरीनं नाई वढलं तिले. तिले कोनी शिकवलं नाई."

"तोंड लय चालते तुहं," ते म्हणाले आणि पंप सुरू करायला गेले. पंपाच्या आवाजात पुढचं काही ऐकू येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

वर्षं गेली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. मोठेबाबांच्या तीन नाती मोठ्या होऊ लागल्या. त्या मला आत्या म्हणत. सकाळी तिघी त्याच पायऱ्यांवर बसून भाजी धूत आणि त्यांचा भाऊ त्यांच्या डोक्यावरून विहिरीत उड्या मारी. पाणी उडालं की तो म्हणे, "भाजी धुतली गेली पाह्य, आता उठा." मोठीला राग येई, मधली हसे, धाकटी पाण्याकडे बघत राही. शेवाळ तसंच होतं. ज्या दिवशी मी धाकटीचा पाय त्यावरून सरकताना पाहिला आणि तिची वेणी धरून तिला मागं ओढलं, त्या दिवशी ठरवलं की आता या माणसाला सोडायचं नाही.

संधी विचित्र वाटेनं आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. अंदमानातल्या एका बेटाजवळ समुद्रातल्या जीवांच्या अभ्यासाचं शिबिर होतं आणि त्यात काही विद्यार्थ्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेणार होते. अट एकच, पोहता आलं पाहिजे. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेले पुष्कळ होते. पोहता येणारी मी एकटी निघाले. बाबांनी हो म्हणायला एक चहा संपेल एवढा वेळ घेतला. आईनं विचारलं, "तिथं शार्क रायते म्हन्तात?" बाबा म्हणाले, "शार्कनं हिच्यासंगं वाद घातला तं शार्कचं कठीन हाय."

मी मळ्यात गेले. मोठेबाबा सांभाराच्या जुड्या बांधत होते, आजूबाजूला पोट्टे होते आणि तिघी नाती पायऱ्यांवर.

"मोठेबाबा, मी समुद्राच्या तळाले जाऊन राह्यली."

"जाय न. मले काय सांगतं?"

"तुमच्या नाती इहिरीच्या काठावर बसून राह्यल्या, म्हनून सांगून राह्यली. आत्या समुद्रात उतरते अन् पोरी घरच्या इहिरीत उतरत नाई, लोक काय म्हनतीन?"

पोट्टे हसले. मोठेबाबांनी जुडी खाली ठेवली. चारचौघांत विचारलेला प्रश्न त्यांना टोचतो, हे माहीत असूनच मी चारचौघांत विचारला होता.

"समुद्राचा तळ म्हन्जे का आपल्या इहिरीचा तळ हाय?" ते म्हणाले. "असं कर. मूठ आनजो. समुद्राच्या तळाची मूठ माह्या हातावर ठेवजो. त्या दिवशी तिघी उतरतीन. नाई आनली, तं पुन्हा हा इषय काढाचा नाई."

"शब्द?"

"शब्द."

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मधलीनं हात पाण्यात घातला आणि लगेच बाहेर काढला, जणू शब्द आधीच पूर्ण झाला होता.

वर्ध्याहून मद्रासची गाडी, तिथून बोट, बोटीवर उलट्या. बेटावर पोचल्यावर पाण्याकडे बघून मला पहिल्यांदा हेच वाटलं की या पाण्यात भिंती नाहीत. विहिरीत माणूस कुठंही असला तरी हात लांब केला की दगड लागतो. इथं हात लांब केला की पुढं आणखी पाणीच.

आमचे शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले, केरळकडचे होते. बोटांवर जखमांच्या खुणा आणि हिंदी अशी की प्रत्येक वाक्य हुकुमासारखं वाटावं. त्यांनी पहिल्या दिवशी उथळ पाण्यात मला टाकी बांधून बसवलं. मी नळी तोंडात धरली, डोकं पाण्याखाली घातलं आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. श्वास कोंडला.

सरांनी दंड धरून मला वर काढलं. "सांस क्यों रोका?"

"पानी के अंदर थी, सर."

"पीठ पर क्या है?"

"हवा, सर."

"तो लो ना!"

पुन्हा गेले, पुन्हा कोंडला. माझ्याबरोबरची मंडळी, ज्यांना जेमतेम पोहता येत होतं, ती खाली बसून आरामात बुडबुडे सोडत होती आणि विहिरीची मानकरी मी गाल फुगवून बसले होते. सरांनी कारण समजावलं. खोल पाण्यात टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलं, तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. विहिरीत जी गोष्ट जीव वाचवते, तीच इथं जीव घेते. "कुएँ में सीखी हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मालूम पड़ता है. कुआँ वाला सबसे जल्दी नीचे जाता है और सबसे देर से सीखता है."

शिकले. पाण्याखाली बसून मनात एक जुनं पत्रक म्हणत राहायचे, प्रत्येक ओळीला एक श्वास. घोषणा श्वास कोंडून देता येत नाही. ती युक्ती लागू पडली.

खोल पाण्यात जाण्याच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांना वाळूत बसवून दुसरा नियम सांगितला. खालून काही आणायचं नाही. शंख नाही, प्रवाळाचा तुकडा नाही, मेलेलं दिसलं तरी नाही, वाळूसुद्धा नाही. "मेहमान हो. मेहमान घर से बर्तन उठाके नहीं ले जाता." प्रत्येकाकडून त्यांनी तोंडी कबुली घेतली. माझी पाळी आली तेव्हा मला मोठेबाबांचा तळहात आठवला. मग मी शब्द दिला. तो नियम योग्य होता आणि योग्य गोष्टीला नाही म्हणायला मी शिकले नव्हते. पण नालवाडीच्या विहिरीवर मी दुसरा शब्द घेऊन आले होते, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुठीत मावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो.

खाली काय होतं ते आमच्या मळ्याच्या भाषेतच सांगते, कारण मला ते तसंच दिसलं. आधी पऱ्हाटीचं शेत लागलं. कापूस वेचून झाल्यावर नुसत्या काड्या उभ्या राहतात तशा फांद्याच फांद्या, टोकं निळसर, आणि त्यांतून हिरव्या माशांचा थवा एकदम आत शिरे, एकदम बाहेर येई. त्यापुढं फुलकोबीचे गड्डे, बैलगाडीच्या चाकाएवढे. ही सगळी प्रवाळं. हे दगड नव्हेत. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याच अंगातून हे घर बांधतात. पुस्तकात मी हे पाठ केलं होतं. पण सरांनी बोटानं दाखवलं आणि मी तोंड जवळ नेलं, तेव्हा त्या गड्ड्यावर उघडलेली बारीक तोंडं दिसली. वळीव पडल्यावर मेथीचा वाफा जसा एका रात्रीत टरारतो, तसा तो सगळा पृष्ठभाग जिवंत होता.

पोपट मासा आला. खरंच पोपटासारखी चोच आणि तसाच हिरवा. तो प्रवाळ कुरतडत होता आणि पाण्यात त्याचा आवाज येत होता, शेजारी कोणी फुटाणे खात असावं तसा. एका भेगेतून बाम माशासारखं एक लांबोडकं तोंड उघडझाप करत होतं. वाळूत समुद्रकाकडी पडली होती, अगदी वेलीवर विसरून जून झालेल्या दोडक्यासारखी. मोठा शिंपला होता, हाताच्या लांबीचा, कडांना निळी झालर. माझी सावली पडताच त्यानं झालर आत ओढली. या सगळ्याच्या मधून मी श्वास घेत, सोडत चालले होते. घाबरले नव्हते. आपली जागा असल्यासारखं वाटत होतं आणि त्याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. माणसाला शिकवलं की ते कुठंही जातं.

मग वाळूचा एक मोकळा पट्टा आला. तळ. स्वच्छ, पांढरा, हाताच्या अंतरावर. सर पुढं होते, पाठमोरे.

माझा हात उघडला. तो मी उघडला नाही, विहिरीनं शिकवलेला हात होता, आपोआप उघडला.

तेवढ्यात वाळूत काहीतरी हललं. बोटभर लांबीचा एक मासा एका बिळाच्या तोंडाशी शेपटावर बसल्यासारखा थांबला होता. बिळातून एक झिंगा वाळूचा ढिगारा ढकलत बाहेर आला, बाहेर टाकला, पुन्हा आत गेला. पुन्हा आला. दर वेळी बाहेर आला की त्याची एक मिशी त्या माशाच्या अंगावर टेकलेली असायची. झिंग्याला फार कमी दिसतं, हे मी वाचलं होतं. तो खणतो, मासा पहारा करतो, आणि दोघं त्याच बिळात राहतात. माझा हात थोडा पुढं गेला. माशानं शेपूट थरथरवलं, आणि झिंगा तात्काळ आत.

आमच्याकडे विहिरीचा गाळ काढतात तेव्हा एक माणूस खाली असतो आणि एक वर दोर धरून. वरच्यानं दोर हलवला की खालच्यानं हातातलं टाकून निघायचं. त्यात वाद नाही. मी त्या दोघांकडे बघत राहिले. मूठभर वाळू उचलली असती तर बिळाचं तोंड ढासळलं असतं. तेवढंच झालं असतं. त्यांनी पुन्हा खणलं असतं.

मी हिशेब केला, तो लपवत नाही. एका बाजूला झिंग्याचं बीळ आणि दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला तीन मुली आणि शेवाळलेल्या पायऱ्या. बीळ हलकं होतं. ते मला तेव्हाही दिसत होतं. पण ज्या मुलींसाठी भांडायचं, त्यांच्या नावानं शब्द मोडून मूठ न्यायची, तर मग मी मोठेबाबांना कोणत्या तोंडानं सांगणार होते की शब्दाला शब्द असतो? मोठेबाबांना पटवायला मूठच लागते असं कोणी ठरवलं? त्यांनीच ना? मग ते ठरवणंच बदलायला लावीन. तोंड लय चालतं माझं.

हात मिटला, रिकामा. सर वळले, अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक? मी तसंच बोट जुळवून उत्तर दिलं.

परतताना बंदराजवळच्या दुकानांत शंख आणि पांढरी प्रवाळं ढिगांनी विकायला होती. शिबिरातला एक नागपूरकडचा मुलगा मूठ द्यायची गोष्ट माझ्याकडून ऐकून होता. तो म्हणाला, "घेऊन टाक न एक. तुझ्या मोठेबाबांना काय समजते? वर्ध्यात कोणाच्या बापानं समुद्राचा तळ पाहिला?"

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ज्याला तपासता येत नाही त्याला फसवणं ही मर्दुमकी नाही."

"बोलते कशी पाह्य, पत्रकासारखी," तो म्हणाला. मी आभार मानले.

घरी आले तेव्हा वैशाख होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मळ्यात गेले. बातमी आधीच पोचली होती. पोट्टे कठड्यावर ओळीनं बसले होते आणि नाती पायऱ्यांवर नव्हत्या, मोठेबाबांच्या मागं उभ्या होत्या. धाकटीनं मोठीचा हात धरला होता.

"आली बापा समुद्र गिळून!" पोरींचा भाऊ ओरडला. "मूठ दाखव, आत्या!"

मी मोठेबाबांसमोर हात पुढं केला आणि उघडला. पोट्टे इतके हसले की एक जण हसता हसता विहिरीत पडला.

मोठीनं मान खाली घातली. ते मला लागलं, पण हात मी मागं घेतला नाही.

"गेलती का नाई?" मोठेबाबांनी विचारलं.

"गेलती."

"तळ लागला?"

"हाताच्या अंतरावर होता. हात लावला नाई."

"काऊन?"

मी सांगितलं. नियम सांगितला, दिलेला शब्द सांगितला, झिंगा आणि मासा सांगितला. पोट्टे मध्ये मध्ये 'अबे बापा' करत होते. मी झिंग्याच्या मिशीपर्यंत आले तसे ते कठड्यावरून पुढं झुकले. मोठेबाबांनी एकच प्रश्न विचारला. "मासा पहारा देते, तं मंग खाते कवा?" मी म्हटलं, तिथंच, बिळाच्या तोंडाशी, पाण्यातून जे येईल ते. त्यांनी मान हलवली, जणू ही व्यवस्था त्यांना मान्य होती.

"गोष्ट चांगली हाय," त्यांचा नातू म्हणाला. "पन गोष्टीले कोन मूठ म्हनते? आबाजी, आत्या हारली."

मोठेबाबा मला म्हणाले, "रस्त्यात कुठं वाळू भेटली नाई का तुले?"

"लागते तेवढी. शंख इकत भेटत होते."

"आनली असती तं मले वळखू आली असती?"

"नाई. तुमी समुद्र पाह्यला नाई."

मोठेबाबा नातवाकडे वळले. "परवा तू कपारीतली माती आनली होती. घरच्या इहिरीतली, जिचा वास मले झोपीत बी वळखू येते. तरी आनली. अन् हे हजार कोसावरून रिकाम्या हातानं आली." नातवाचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं. तेवढ्यात मोठेबाबा म्हणाले, "पन शर्त ते शर्त. मूठ नाई आली. मी हारलो नाई."

"नका हारू," मी म्हटलं. आता माझा आवाज चढला. "मी बी मूठ मांगून नाई राह्यली. हार-जीत ठेवा तुमच्यापाशी. मले एवढंच सांगा, ती सून पडली तवा पाइप तिच्यापासून केवढा लांब होता? तुमी काढलं तिले. तुमाले मालूम हाय. केवढा लांब होता?"

मोठेबाबांनी त्या पाइपाकडे पाहिलं. पंप सुरू करायला गेले नाहीत. उपरणं खांद्यावर टाकलं आणि मळ्यातून सरळ घराकडे चालत गेले.

मी जिंकले की हरले ते मला त्या दिवशी कळलं नाही. तिघींना मी म्हटलं, उद्या पुन्हा भांडू.

भांडायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मळ्यात पोचले तर मोठेबाबा खालच्या पायरीवर उकिडवे बसून विटेच्या तुकड्यानं शेवाळ घासत होते. वरच्या पायरीवर तीन सुके भोपळे आणि दोर.

"शर्त हारलो नाई मी," मान वर न करता ते म्हणाले. "मले वाटलं म्हनून करून राह्यलो."

"होय न," मी म्हटलं. एवढं छोटं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं असेल.

पुढचा वाद कपड्यांवरून झालाच. मोठेबाबा म्हणाले, परकर-पोलक्यात उतरतील. मी म्हटलं, परकर पायात गुंडाळतो, मग भोपळे कशाला बांधता, धोंडे बांधा. ते आणि मी हातवारे करत असताना मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, घरातून आली आणि नातवाच्या जुन्या अर्ध्या पँटी नातींच्या हातात देऊन परत गेली. तिनं कोणाला विचारलं नाही आणि कोणी तिला विचारलं नाही.

मधली सगळ्यांत आधी उतरली. मी पाण्यात, मोठेबाबा पायरीवर दोर धरून. तिनं शेवटची पायरी सोडली आणि ती ओरडली, "आत्या, पाय टेकत नाई!" मी म्हटलं, "टेकाचेच नाई. हात मार." तिनं हात मारले, पाणी प्यायली, मोठेबाबांना शिवी दिली, आणि त्यांनी ती ऐकली नाही असं दाखवलं. मोठी त्याच दिवशी उतरली. धाकटी आठवडाभर पायरीवर बसून सूचना देत राहिली आणि मग एक दिवस कोणाला न सांगता उतरली. पावसाळ्याच्या आधी तिघी या काठावरून त्या काठावर जाऊ लागल्या. मोठेबाबांनी मग त्यांना पहिला धडा दिला तो पाइपाचा. त्यांना डोळे मिटायला लावून पाण्यात ढकलायचे आणि पाइप शोधून धरायला लावायचे.

हे सगळं मी लिहिते आहे ते तुम्ही वाचून 'छान' म्हणावं यासाठी नाही. उन्हाळा आला आहे, विहिरींचं पाणी खाली गेलं आहे, शिकवायला याहून बरी वेळ नाही. तुमच्या गावात पोहणारा एक पुरुष किंवा एक बाई शोधा, सापडेलच. जिथं मुली पाणी भरतात त्या विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आधी घासून काढा. भोपळा नसेल तर झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा पाठीवर बांधा, कमरेला दोर बांधा, दोर धरायला जागरूक माणूस बसवा, आणि शिकवणाऱ्याला पाण्यातच ठेवा. परकर नको. हसणाऱ्यांना हसू द्या. एक मुलगी काठाला लागली की तिच्याकडून दुसरीला शिकवून घ्या. आणि हे करायला कोणाची परवानगी लागत असेल, तर ती आज संध्याकाळीच, चारचौघांत, मोठ्यानं मागा.